लांजेवार सर आणि हवेतलं हृदय

"मॅडम, हात पुढे करा."

मी हात पुढे केले. लांजेवार सरांनी आपल्या रिकाम्या ओंजळीतून माझ्या रिकाम्या ओंजळीत काहीतरी अलगद ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं.

"दोन्ही हातानं धरा. जड नाही, पण घसरते."

"काय आहे सर हे?"

"किडनी. उजवीकडची. डावीकडची मोठ्या मॅडमजवळ ठेवून आलो."

तेवढ्यात घंटा झाली. "तास घेऊन येतो, तोवर सांभाळा," असं म्हणून सर जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढत निघून गेले. मी व्हरांड्यात ओंजळ धरून उभी. पोरं जा-ये करत होती. हात खाली करावेत तर ती किडनी कुठे टाकायची, हा प्रश्न मला खरोखर पडला, हे आज कबूल करायला हरकत नाही. शेवटी स्टाफरूममध्ये गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि सरांच्याच टेबलावर ती हळूच ठेवली. मग स्वतःचाच राग आला.

मी या शाळेत मराठी शिकवते, लांजेवार सर विज्ञान. आमची शाळा नागपुरात, मनीषनगरच्या बाजूला आहे. सर मूळचे कुहीकडचे, घरी भाऊ धानाची शेती करतो. सर मात्र नोकरी लागल्यापासून नागपुरात, आणि नागपुरात एकटेच. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तास होता." एवढंच. पुढे विचारायची सोय नाही.

सर पहिल्यापासून असे नव्हते. पंचवीस वर्षं ते साधेसुधे फळा-खडूचे शिक्षक होते. मग एका उन्हाळ्यात त्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. नागपूरचा मे महिना, बाकी कुणी जायला तयार नव्हतं. सर डोक्याला दुपट्टा गुंडाळून गेले आणि वेगळेच होऊन परत आले. जून महिन्यात शाळा उघडली त्या दिवशी स्टाफरूमच्या दारातूनच ओरडले, "मॅडम, मी पंचवीस वर्षं फळ्यावर हृदय काढून राहिलो, पण ते आंबा होता! पोट्टे आंबा शिकून गेले!"

प्रकार असा होता. टेबलावर एक छापील कार्ड ठेवायचं. टॅबलेटच्या कॅमेऱ्यातून त्या कार्डाकडे पाहिलं, की पडद्यावर त्या कार्डावरच एक हृदय उभं राहतं. धडधडणारं. टेबल खरा, कार्ड खरं, पलीकडे बसलेली मैत्रीण खरी, आणि मधोमध हे नसलेलं हृदय. आपण टेबलाभोवती फिरलो की त्याची मागची बाजू दिसते, वाकलो की खालची. आणि चार जणांनी चार बाजूंनी पाहिलं तर चौघांना एकच हृदय आपापल्या बाजूने दिसतं. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. सर 'ए-आर' म्हणायचे. आमच्या स्टाफरूममध्ये त्याला 'भुताचा तास' म्हणत.

शाळेला कुणीतरी दिलेले टॅबलेट मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या कपाटात होते. धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर क्रोशाचा रुमाल होता, आणि वापरल्याने खराब होऊ नयेत म्हणून ते वापरत नसत. सर रोज मधल्या सुट्टीत त्या कपाटासमोर जाऊन उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. आठ दिवसांनी मोठ्या मॅडम वैतागल्या. "घ्या बाप्पा, पण असे उभे नका राहू, मला जेवण जात नाही."

तर सरांना टॅबलेट मिळाले आणि शाळेची शांतता गेली.

सरांचा पहिला नियम असा, की टॅबलेट एकट्याने पाहायचा नाही. चार मुलांचा गट, चौघं टेबलाच्या चार बाजूंना, आणि पहिली दहा मिनिटं कुणीही जागा सोडायची नाही. मागे काय आहे हे कळायला हवं असेल तर मागे उभ्या असलेल्याला विचारायचं. "विचार तिले!" हे सरांचं पालुपद. पूर्ण वर्गभर ते ओरडत फिरायचे, "फिरू नको, विचार! काहून फिरून राहिला? तिकडं माणूस उभा हाय ना, त्याले विचार!"

हे वर्गात राहिलं असतं तर ठीक होतं. पण सरांना प्रत्येक गोष्टीची मागची बाजू पाहायची सवय लागली. तर्री-पोह्याच्या गाडीवर गेले तर पोहे हातात घेण्याआधी गाडीला एक चक्कर. स्कूटर सुरू करण्याआधी स्कूटरला चक्कर. एकदा प्रवेशासाठी आलेले एक पालक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ते सर नोटीस बोर्डाला प्रदक्षिणा काहून घालून राहिले?" आणि स्टाफरूममध्ये वेळापत्रकावरून भांडण लागलं, की सर दोघांच्या मधे जाऊन उभे राहायचे आणि अतिशय उत्साहाने म्हणायचे, "थांबा, थांबा! तुमाले तिकडून काय दिसून राहिलं, ते सांगा आधी!" भांडण मिटायचं. दोघं मिळून सरांवर चिडायचे.

पण मी खरं सांगते, त्या वर्गात गेलं की मजा यायची. सातवीतली पोरं, ज्यांना माझ्या तासाला कवितेच्या चार ओळी सलग ऐकवत नाहीत, ती तिथे टेबलाला चिकटून एकमेकांना ओरडून सांगत असत. मी मोठ्या मॅडमच्या सांगण्यावरून फोटो काढायला गेले होते आणि तासभर तिथेच थांबले. एक मुलगी हृदयातून निघालेल्या नळीचा मार्ग बोटाने हवेत दाखवत होती. दुसरी ओरडत होती, "अगं ती माझ्याकडे येऊन वळते!" सरांचा सदरा घामाने भिजलेला. या टेबलावरून त्या टेबलावर उड्या. "वा! गजब! पुन्हा सांग, त्याले समजलं नाही!"

तासाच्या शेवटी सर एकेकाला विचारत होते, तू काय पाहिलं. कुणी झडप पाहिली होती, कुणी निळी शीर. विचारत विचारत सर खिडकीजवळच्या टेबलाशी आले.

"अन् तू वं आचल? तू काय पाहिलं?"

"सर, मी टेबल पाहिला."

वर्ग हसला. सरही हसले, मोठ्याने. मग त्यांचं हसू थांबलं.

आचलला फार कमी दिसायचं. जन्मापासूनच. उजेड, सावली, अगदी नाकाशी धरलेली मोठी अक्षरं, एवढंच. पडद्यावरचं हृदय तिला म्हणजे एक लालसर डाग. तिच्या गटातल्या तीन मुलींनी, मिताली, खुशबू आणि सानियाने, तिला काम दिलं होतं की टेबल हलतो आहे, तू धरून बस. ती पाऊण तास टेबल धरून बसली होती. सर त्या टेबलाजवळून दहा वेळा तरी गेले असतील.

त्यानंतर चार दिवस भुताचा तास झाला नाही. सर स्टाफरूममध्ये येऊन गप्प बसायचे. चौथ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, मी कपाटासमोर आठ दिवस उभा राहिलो. काहून? तर पोट्ट्यांना दिसलं पाहिजे म्हणून. अन् एक पोरगी टेबल पकडून बसली, ते मलेच नाही दिसलं."

मी म्हटलं, "सर, मग तिलाच विचारा ना, काय करता येईल."

साऱ्या जगाला 'विचार तिले' म्हणून ओरडणाऱ्या माणसाने त्या मुलीला एकदाही काही विचारलं नव्हतं. ते तसेच उठले आणि सातवीत गेले. मीही मागोमाग गेले, दारातच उभी राहिले.

"आचल, तुले काय पाहिजे वं? मोठा पडदा आणू काय?"

"नको सर. मोठा डाग दिसेल."

"मग?"

आचल म्हणाली, "सर, या पोरी नीट सांगत नाहीत. 'इथं लाल हाय, तिथं निळं हाय' म्हणतात. इथं म्हणजे कुठं? बोटानं दाखवतात. मले बोट कुठं दिसते?"

सरांनी टाळी वाजवली. एकदाच, पण अशी, की शेजारचा वर्ग गप्प झाला. "बंद!" ते ओरडले. "आजपासून 'इथं' बंद! 'तिथं' बंद! जो म्हणेल तो वर्गाबाहेर!"

आणि खरंच बंद. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, दोन बोटं जाड, लिंबाएवढं, तिरपं, असंच बोलायचं. पहिल्या दिवशी पोरं मुकी झाली. आपण दिवसातून किती वेळा 'इथं' म्हणतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. सर स्वतःच पहिल्या दोन मिनिटांत "इथं बघा" म्हणाले आणि नियमाप्रमाणे वर्गाबाहेर जाऊन उभे राहिले. मोठ्या मॅडम फेरीवर होत्या. "सर, तुम्ही बाहेर काय करून राहिले?" "शिक्षा आहे, मॅडम," सर आनंदाने म्हणाले.

पुढच्या सोमवारी सर भावाच्या शेतातली काळी माती पिशवीभर घेऊन आले. ती मळली आणि आचलच्या पुढ्यात गोळा ठेवला. आता तिघी टॅबलेटमधून पाहणार आणि सांगणार, आणि आचल ऐकून मातीत ते हृदय घडवणार. तिघींचं सांगणं बरोबर असेल तर माती बरोबर येईल. पहिलं हृदय वांग्यासारखं झालं. "हे आमचं नाही," मिताली म्हणाली. "तुमचंच आहे," आचल म्हणाली, "तुम्ही जसं सांगितलं तसं केलं." दुसरं हृदय आलूबोंड्यासारखं. तिसऱ्याला नळ्या फुटल्या. हळूहळू बाकीच्या गटांनाही माती हवीशी झाली. सर दर रविवारी कुहीला जाऊन पिशव्या भरून आणू लागले. भावाने म्हणे विचारलं, "दादा, वावर पूर्ण नेतो काय?"

मराठीच्या तासाला मला त्याचा फायदा झाला, हेही सांगायला हवं. निबंधातली 'खूप सुंदर, खूप छान' गेली. खुशबूने पोळ्याच्या बैलाचं वर्णन केलं, त्यात शिंग कुठून कुठे वळतं हे लिहिलं होतं. मी तो निबंध स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला. सर ऐकून टेबलावर चढायचे राहिले होते फक्त.

मग शिक्षण खात्यातले एक अधिकारी शाळा पाहायला येणार असं कळलं. मोठ्या मॅडमनी सरांना बोलावून सांगितलं, "सर, दुसरा कोणताही गट दाखवा. मातीवाला नको. टॅबलेट सोडून माती दाखवली तर काय म्हणतील? आणि ती मुलगी... त्यांना वाईट वाटेल." सर म्हणाले, "हाव मॅडम." आणि त्या दिवशी सरळ खिडकीजवळच्या टेबलाशी अधिकाऱ्यांसाठी खुर्ची टाकून मोकळे झाले. मोठ्या मॅडमचा चेहरा मी दारातून पाहिला. त्या दिवशी काही चुकलं असतं तर टॅबलेट पुन्हा क्रोशाच्या रुमालाखाली गेले असते, ही गोष्ट नक्की.

त्या दिवशीचं हृदय आडवं कापलेलं होतं. डब्याचं झाकण काढून आत डोकवावं तसं वरून आत दिसत होतं. दोन कप्पे शेजारी शेजारी, आणि एकाची भिंत दुसऱ्यापेक्षा चांगली जाड. मिताली पुढच्या बाजूला उभी होती, खुशबू मागच्या बाजूला, सानिया मितालीच्या उजव्या हाताच्या कडेला. आचलचे हात मातीत.

"जाड भिंत उजवीकडे," मिताली म्हणाली.

"डावीकडे," खुशबू म्हणाली.

"उजवीकडे वं!"

"अगं डावीकडे! मले दिसून राहिलं ना!"

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या मॅडमनी डोळे मिटले. सर पुढे झाले, तोंड उघडलं, आणि कसं कोण जाणे, बंद केलं. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले. त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती.

"थांबा," आचल म्हणाली. "मिताली, तू पुढं उभी हायेस ना? खुशबू मागं?"

"हो."

"सानिया, तुले जाड भिंत कुठं दिसते? जवळ का दूर?"

"अगदी माझ्या अंगाला आहे."

आचलने मातीच्या गोळ्यावर मितालीच्या उजव्या बाजूला हात ठेवला. मग तोच हात तसाच ठेवून मान खुशबूच्या दिशेने वळवली. "म्हणजे एकच भिंत हाय. तुमचं उजवं-डावं बदलून राहिलं, भिंत नाही." मग तिने मान सरांकडे वळवली. "पण सर, मग भिंत कोणत्या बाजूची म्हणायची? मितालीच्या उजवीकडची, का ज्याचं हृदय आहे त्याच्या डावीकडची?"

अधिकारी खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग मितालीसारखं उभं राहून पाहिलं, मग पाठ फिरवली आणि पुन्हा छातीवर हात ठेवला. एक मोठा माणूस सातवीच्या वर्गात गोल फिरत होता. "ज्याचं हृदय आहे त्याचं," ते शेवटी म्हणाले. "डावा कप्पा. पण पुस्तकात चित्रात तो उजवीकडे असतो... अरे! म्हणून मी शाळेत नेहमी उलटं लिहायचो!"

आता सरांनी थांबणं शक्यच नव्हतं. "हेच!" ते किंचाळले. "पंचवीस वर्षं मी पाठ करून घेतलं, डावा उजवीकडं, उजवा डावीकडं! काहून ते कोणालेच नाही सांगितलं! हिनं शोधलं! मातीत शोधलं!" त्यांनी आचलचे मातीने भरलेले हात धरून हलवले, मग अधिकाऱ्यांचे धरून हलवले. अधिकाऱ्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या.

बाह्या पुसत पुसत त्यांनी आचलला विचारलं, "बेटा, यांना दिसत होतं तरी कळलं नाही. तुला कसं कळलं?"

"त्या आपलं-आपलं पाहून राहिल्या होत्या सर. मले तिघींचं ऐका लागते."

त्या दिवसापासून टॅबलेटचं कपाट उघडंच राहिलं. क्रोशाचा रुमाल मोठ्या मॅडमनी घरी नेला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आचल शाळेत आली नाही. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला. त्यांची सावनेरकडे बदली झाली, घर हललं, शाळाही बदलली. दाखला न्यायला वडील आले तेव्हा सर तासावर होते. कळल्यावर एवढंच म्हणाले, "बरं." मला वाटलं होतं, आता हा माणूस शाळा डोक्यावर घेईल. पण ते वही उघडून बसले.

एका रविवारी मी सकाळी मावशीकडे सावनेरला निघाले, तर बसस्टँडवर सर. खांद्याला टॅबलेटची पिशवी. मला पाहून चोरी पकडल्यासारखे झाले.

"सर, तुम्ही इकडे?"

"ते... असंच. मोठ्या मॅडमची परवानगी हाय, मॅडम. लेखी हाय."

बसमध्ये हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिने झाले, सर दर रविवारी आचलच्या घरी जात होते. तिच्या नव्या वर्गातल्या तीन मुलींना ती आपल्या व्हरांड्यात बोलवायची. "आचलले शिकवाचं काम नाही मॅडम," सर सांगत होते. "तिले येते. सांगणाऱ्या पोरी तयार करा लागतात. इकडच्या पोरी पहिल्या दिवशी काय म्हणाल्या, सांगू? 'इथं लाल हाय!'" आणि सर बसभर ऐकू जाईल असं हसले.

मावशी थोडी थांबेल म्हटलं आणि मी त्यांच्याबरोबर उतरले. खाणीच्या वसाहतीतली एकसारखी घरं, प्रत्येकापुढे छोटा व्हरांडा. दुरूनच आवाज येत होता. मागच्या रविवारी सर दोन टॅबलेट तिथेच ठेवून आले होते. चार मुली टेबलाभोवती, कार्डावर कानाचा आतला भाग, आणि भांडण असं रंगलेलं की आम्ही फाटकाशी उभे आहोत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"गोगलगायीसारखं आहे."

"गोगलगाय म्हणू नको, किती वेढे ते सांग!" आचलचा आवाज.

"अडीच."

"अर्धा कुठं संपतो?"

सर फाटकाच्या गजाला धरून ऐकत होते. एका मुलीचं लक्ष गेलं. "आचल, सर आले."

"सर, पाच मिनिटं थांबा हं," आचल मान न वळवता म्हणाली. "आज तुम्ही नका सांगू. आम्ही करून राहिलो."

आचलच्या आईने चहा दिला. पाच मिनिटांची वीस झाली. कान तयार झाला, मुलींनी तो सरांना दाखवला. सरांनी त्याला पूर्ण चक्कर मारली आणि म्हणाले, "मले काही विचारायचंच नाही." मुली लगेच पुढच्या कार्डाकडे वळल्या. सरांनी पिशवीतले उरलेले टॅबलेट पायरीवर ठेवले. "यांच्याजवळच राहू द्या," आचलच्या आईला म्हणाले. "वापरून झाले की शाळेत पाठवा. घाई नाही."

मी शेवटी मावशीकडे गेलेच नाही. तिला फोन केला आणि परतीच्या बसमध्ये सरांशेजारी बसले. दहा मिनिटं सर नुसते उसळत होते. "पाहिलं मॅडम? मले बोलूच नाही दिलं! अडीच वेढे! मी एक शब्द नाही सांगितला! पाहिलं ना?"

"पाहिलं सर."

मग ते खिडकीबाहेर पाहू लागले. कपाशीची शेतं मागे जात होती. मांडीवरची रिकामी पिशवी त्यांनी घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"मॅडम," ते म्हणाले, "रविवारी लोकं काय करतात जी?"

मी म्हटलं, "आमच्याकडे काही विशेष नसतं. पुढच्या रविवारी या. जेवायला. एक वाजता."

"एक वाजता," सरांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी साडेदहालाच बेल वाजली.